किटलीचं झाकण आणि खुर्च्यांचा राजा

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनी पुढे यावं, पुढच्यांनी मांडी जरा आवरावी, म्हणजे सगळ्यांना जागा होईल. आज एका जावयाची गोष्ट सांगायची आहे. त्याच्या हातून सासूबाईंच्या किटलीचं झाकण फुटलं आणि बाकी सगळं कसं जुळून आलं, त्याची.

किटली पांढऱ्या चिनी मातीची, पोटावर एक निळं पाखरू. सासूबाईंना ती त्यांच्या आईकडून मिळालेली, त्यामुळे घरात दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. जावईबापू नोकरीसाठी बायकोसह या अवाढव्य शहरात आले, सासूबाईंच्याच घरी उतरले आणि त्या दिवसापासून एकच वाक्य ऐकत राहिले. भाजी निवडू का, आई? तुम्ही राहू द्या. पडदे काढू का धुवायला? राहू द्या तुम्ही. माणूस पाहुणा म्हणून तरी किती दिवस सोफ्यावर बसेल!

एकदा जावईबापूंना सुट्टी होती, त्या सकाळी मात्र सासूबाई बहिणीकडे निघाल्या आणि चपला घालता घालता म्हणाल्या, "चारला येते. चहा तुम्हीच करून ठेवा. किटलीत."

जावईबापूंचा ऊर भरून आला. घरात आपल्याला आता जागा मिळाली, असं त्यांना वाटलं. आणि बायको कामावर गेली न गेली तोच झाकणाचे तुकडे फरशीवर पडले होते.

त्यांनी किटली टॉवेलात गुंडाळली, तुकडे रुमालात बांधले आणि पिशवी छातीशी धरून रस्ता गाठला. मोठ्या दुकानात उत्तर मिळालं, "अख्खा सेट घ्या. सुटं झाकण नाही मिळत." मग ते हमरस्ता सोडून दिसेल त्या बोळात शिरले. रोज ऑफिसला जाताना हा बोळ त्यांना कधी दिसलाच नव्हता.

तोंडाशीच घड्याळांचं दुकान. भिंतीभर घड्याळं, आणि कुठल्याही दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

"किती वाजले हो?" जावईबापूंनी धास्तावून विचारलं.

"तुम्हाला किती हवेत?" घड्याळजी म्हणाले.

"चार वाजायला जितका उशीर होईल तितका बरा."

"मग या कोपऱ्यातल्याकडे बघा. नऊच्या पुढे कधी गेलं नाही बिचारं."

जावईबापूंना खरोखर धीर आला. पुढच्या दुकानात हातमोजे होते, पण सगळे एकेकटे, ज्यांचा जोडीदार हरवलाय त्यांच्यासाठी. मालकाच्या एका हातात लाल, दुसऱ्यात हिरवा. पिशवीतली खुळखुळ ऐकून तो म्हणाला, "झाकण ना? समोरच्या आजींकडे जा. पण तिथं खोटं बोलू नका, उगाच वेळ जातो."

आजींच्या दुकानात जमिनीपासून छतापर्यंत नुसती झाकणं होती, भांडं एकही नाही. आजी स्टुलावर बसून चहा पीत होत्या. त्यांच्या कपावरही एक झाकण होतं, डुगडुगणारं.

"भांडं दाखव," आजी म्हणाल्या. किटली बघून त्या नुसत्या "हं" म्हणाल्या. "कसं फुटलं?"

"वाऱ्यानं."

आजींनी हात लांबवून एक झाकण किटलीवर ठेवलं. ते खडखडलं. "बघ, बसत नाही."

"म्हणजे, मांजरानं पाडलं."

दुसरं झाकण थेट किटलीच्या पोटात गेलं. "मांजर पाळलंयस?"

"शेजारचं आहे."

"शेजारचं मांजर तुमच्या घरात आलं, झाकण पाडलं आणि निघून गेलं?"

"घाईत होतं."

आजींनी चहाचा घोट घेतला. "इथला रिवाज एवढाच आहे, बाळा. पहिलं कसं गेलं ते खरं कळल्याशिवाय मी बरोबरच्या झाकणाकडे हात नेत नाही. नवं कुणाच्या हाती देतेय ते कळायला नको?"

जावईबापूंनी डोळे मिटले. "मी ते डोक्यावर घातलं. मुकुट म्हणून. हातात लाटणं घेतलं आणि घरातल्या खुर्च्यांना हुकूम सोडले. एक खुर्ची फार अपराधी होती, तिला माफ करायला वाकलो, तेवढ्यात..."

"राजानं वाकू नये," आजी म्हणाल्या.

"घरात मला कुणी काही करू देत नाही हो. म्हटलं, खुर्च्या तरी ऐकतील."

"कुठली खुर्ची?" मागून आवाज आला.

दारात सासूबाई उभ्या होत्या. जावईबापूंनी पुन्हा डोळे मिटले, पण सासूबाई काही गेल्या नाहीत.

"लवकर परतले, तर किटली जागेवर नाही," त्या म्हणाल्या. "मग ती कुठं असणार ते मला ठाऊक होतं."

"ठाऊक? कसं काय, आई?"

सासूबाई वरच्या फळीकडे बघू लागल्या. आजींनी स्टुलाखालून खोका ओढला. आत निळ्या काठाची पांढरी झाकणं, एकावर एक. "या घरासाठी वेगळीच ठेवते मी. आधी यांच्या आई आल्या, मग या. मग तुझी बायको."

"माझी बायको? ती तर मला किटलीजवळून चालूही देत नाही."

"म्हणूनच," आजी म्हणाल्या. "आता तुम्हीही सांगून टाका, बाई. जावयापुढं."

सासूबाईंनी पदर सारखा केला. "झाकण ताटलीवर वाजवत होते. घरात कुणी नव्हतं, गाणं रंगात आलं होतं." मग हळूच, "आवाज मात्र छान येत होता."

आजींनी खोक्यातलं एक झाकण किटलीवर ठेवलं, आणि ते टप् करून बसलं.

निघताना जावईबापूंचं लक्ष आजींच्या कपाकडे गेलं. "आजी, तुमचं कसं फुटलं?"

आजी डुगडुगत्या झाकणावर बोट ठेवून बसल्या. "इतकी माणसं येऊन गेली," त्या म्हणाल्या, "हे विचारणारा तूच पहिला. बसा दोघं. जरा लांबलचक आहे."

घरी पोचेपर्यंत चार कधीच वाजून गेले होते, पण बोळातल्या त्या कोपऱ्यात अजून नऊच होते. चहा जावईबापूंनी केला. सासूबाई त्या अपराधी खुर्चीवर बसल्या, ती करकरली, आणि त्या म्हणाल्या, "हिला माफ करायला नको होतं. ओता, तुम्हीच ओता."

आता तुम्ही आपापल्या घरी जाल, चहा ठेवाल. झाकण टप् करून बसलं की देवाचं नाव घ्या, आणि त्याच श्वासात स्टुलावरच्या त्या आजींचीही आठवण काढा.