मिलिमीटरची गाडी

स्वयंपाकघरातली कपाटं बनवणाऱ्या त्या सुताराला सगळे मिलिमीटर म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं. कुणी म्हणालं, "इथे चार बोटं जागा सोडा हो," की याच्या कपाळावर आठी. बोटं कुणाची? तुमची की माझी? एकदा तर एका घरी बसवून झालेलं आख्खं स्वयंपाकघर त्याने उचलून परत आणलं होतं, कारण एका दाराची फट वरच्या बाजूला नखभर जास्त होती. घरातल्या बाई हात जोडून सांगत होत्या, "अहो, मला दिसत नाहीये ती फट!" तर हा म्हणतो, "मला दिसतेय ना." अशा माणसापुढे कुणी किती डोकं फोडायचं?

आणि अशा माणसाने गाडी बांधायला घेतली होती.

गाडी म्हणजे चारही चाकांना जोर असलेली एक जुनी जीप. बायकोचा धाकटा भाऊ मेकॅनिक, त्याच्या गॅरेजच्या मागे ती धूळ खात पडली होती. बेत साधा होता. लेकीला, म्हणजे टिल्लूला घेऊन तिघांनी सुट्टीत निघायचं, डांबरी रस्ता संपतो त्याच्याही पुढे जायचं, गाडी थांबेल तिथे मुक्काम करायचा. इंजिन दुरुस्त करणं, मोठे टायर चढवणं, गाडी जमिनीपासून उंच उचलणं, चिखलात रुतली तर स्वतःला ओढून काढायला पुढे विंच लावणं, हे सगळं मेव्हण्याने झपाट्यात उरकलं. आतलं काम मिलिमीटरकडे होतं आणि तिथेच घोडं अडलं.

पहिल्या सुट्टीत सामान भरून झालं आणि याला ड्रॉवर वाजताना ऐकू आले. सगळं उपटलं, जाणं राहिलं. दुसऱ्या सुट्टीत पाण्याच्या टाकीचं झाकण फळीच्या पातळीत बसेना. परत उपटलं.

"भाऊजी, गाडी खड्ड्यांतूनच जाणार आहे हो," मेव्हणा कळवळून म्हणाला. "तिथे झाकण पातळीत राहिलं काय आणि न राहिलं काय!"

पण ऐकेल तो मिलिमीटर कसला!

या खेपेला मात्र गाडी खरोखर तयार झाली. छतावर उघडणारा तंबू होता, तो नवरा-बायकोसाठी. आत, पुढच्या सीटमागे, ड्रॉवरांच्या वर टिल्लूचा पलंग. आणि पलंगाच्या पायथ्याला त्याच्या आजवरच्या कामातलं सगळ्यात देखणं काम, स्वयंपाकाचं कपाट. गाडीचं मागचं दार उघडलं की शेगडी अलगद बाहेर सरकायची, प्रत्येक डब्याला आपापला खण, आणि एकही स्क्रू न मारता सगळं नुसत्या सांध्यांवर उभं. मेव्हण्याने त्यावरून दोनदा हात फिरवला. तोंडाने मात्र "बरंय" एवढंच म्हणाला. मेव्हणाच तो.

आता फक्त निघायचं राहिलं होतं, आणि निघायला हवंच होतं. ही सुट्टी संपली की टिल्लू बाहेरगावी शिकायला जाणार, वसतिगृहात राहणार. मग तिच्या सुट्ट्या तिच्या, मैत्रिणी तिच्या. आता नाही तर कधीच नाही, हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

पण टिल्लूचं काहीतरी बिनसलं होतं. हीच पोर लहानपणी कानाला पेन्सिल लावून बापाच्या मागे मागे फिरायची. आता गाडीजवळ फिरकत नव्हती. "टिल्लू, जरा आडवी होऊन बघ ना पलंगावर," म्हटलं की, "नंतर, बाबा." कधी अभ्यास, कधी डोकं दुखतंय. एकदा तर म्हणाली, "केस ओले आहेत." ओल्या केसांचा आणि पलंगाचा काय संबंध? कधी आलीच तर खांदे पाडून, पाठीला पोक काढून दारातच उभी राहायची आणि निघून जायची. आई तिच्यावर ओरडायची, "सरळ उभी राहा गं, म्हातारी झालीस का?"  बापाला आतून लागायचं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी बायको गाडीत अंथरुणं भरत होती. ती नर्स होती. रडणारी, कण्हणारी माणसं हाताळून तिचा आवाज असा झाला होता की समोरचा निम्मा बरा व्हायचा. तिच्या हातातली उशी मिलिमीटरने काढून घेतली.

"राहू दे," तो म्हणाला. "नको जाऊया."

"आता काय वाजतंय?"

"काही वाजत नाहीये. तिला यायचं नाहीये. गाडीला हात लावत नाही पोर. माझ्या हट्टापायी येणार, तोंड पाडून मागे बसणार, आणि मी ते आरशात बघत गाडी चालवणार. त्यापेक्षा विकून टाकू दे तुझ्या भावाला."

बायकोने त्याच्याकडे नीट पाहिलं. चेष्टा नव्हती. त्याचा चेहरा खरंच उतरला होता.

"तिला विचारलंत?"

त्याने उशीचा कोपरा ओढून सरळ केला.

"त्या कपाटाची फट रोज उठून तपासता. पोरीला एकदा विचारायला काय तोंड शिवलंय तुमचं? जा वर."

तो जिना चढून गेला. टिल्लू खोलीत जमिनीवर बसून पुस्तकं खोक्यात भरत होती. बाप दारात दिसताच तिने सवयीने खांदे आवळले. ते बघून त्याला आणखीच वाईट वाटलं. आपण आलो की पोर आक्रसून बसते, इथवर आलं म्हणजे.

"टिल्लू, हे बघ," तो चौकटीला हात लावून म्हणाला. "तुला मनापासून यायचं नसेल तर सांग. मी रागावणार नाही. आईपण नाही. तू मोठी झालीस, तुला कंटाळा येत असेल आमच्याबरोबर. गाडी काय, विकता येईल."

टिल्लूच्या हातातलं पुस्तक खाली पडलं.

"विकता येईल?" ती म्हणाली. "विकता येईल?" आणि ताडकन उठली. "चला खाली. चला म्हणते ना!"

अनवाणीच धाडधाड जिना उतरली. आईला बाजूला सारून गाडीत चढली आणि पलंगावर धाडकन आडवी झाली. डोकं पुढच्या सीटला टेकलं, पाय त्या देखण्या कपाटावर आपटले आणि गुडघे वर आले. सरळ होईचनात. क्षणभर मिलिमीटरला वाटलं, पलंग आखडला. प्लायवुड कधी आखडतं का? आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाडी बांधायला घेतली तेव्हा या पोरीला जमिनीवर झोपवून त्याने डोक्यापाशी आणि टाचेपाशी खडूने रेघ मारली होती. तेव्हापासून पलंगाचं माप त्याने कितीदा घेतलं असेल त्याला हिशोब नाही. पोरीचं एकदाच.

"बघितलंत?" टिल्लू छताकडे बघत म्हणाली. "आता आणा हातोडी. उपटा सगळं."

"तुला माहीत होतं?"

"या खेपेला पलंग परत बसला त्याच आठवड्यात कळलं. तुम्ही कामावर होतात तेव्हा मी गुपचूप झोपून बघितलं होतं. म्हणून तर तुमच्यासमोर कुबड काढून फिरतेय, लक्षात येऊ नये म्हणून. पाठ मोडली माझी!" तिचा आवाज फाटला. "सांगितलं असतं तर तुम्ही परत सगळं खोललं असतं, आणि आपण परत गेलो नसतो. आणि पुढच्या सुट्टीला मी इथे नसणार. मला जायचंय, बाबा. पाय दुमडून, उभ्याने, छताला लटकून, कसंही. मला जायचंच आहे, आणि तुम्ही म्हणताय विकता येईल!"

मिलिमीटर गाडीच्या पायरीवर मटकन बसला. इतके दिवस छातीवर बसलेला धोंडा कुणीतरी उचलून घेतल्यासारखं झालं त्याला. पोरीला कंटाळा नव्हता. ती आपल्याला विटली नव्हती. ती फक्त उंच झाली होती! तो हसायला लागला, आणि हसता हसता शर्टाच्या बाहीने डोळे पुसू लागला. आई दोघांकडे बघून म्हणाली, "धन्य आहात. बाप तसा, लेक तशी."

गाडीखाली तेल बदलत पडलेल्या मेव्हण्याने हे सगळं ऐकलं होतं. तो सरपटत बाहेर आला आणि त्याने पान्हाच खाली टाकला.

"झालं! आता परत सगळं सुटं होणार. ताई, मी घरी चाललो."

"जिगसॉ दे," मिलिमीटर म्हणाला.

"काय?"

"करवत रे. ती, विजेवरची. आण इकडे."

मेव्हण्याने करवत आणली, वर इमानेइतबारे मापाची टेपही पुढे केली. मिलिमीटरने टेप घेतली नाही. "टिल्लू, पाय लाव कपाटाला. हं, तसेच ठेव." पेन्सिलने त्याने तिच्या पावलांभोवती अंदाजाने एक मोठा गोल काढला, तिला बाजूला व्हायला सांगितलं आणि कपाटाच्या पाठीवर करवत टेकवली. टेकवली आणि थांबला. 

"मी कापू?" बायकोने विचारलं.

"नको. माझं आहे, मीच कापतो."

आणि कापलं. भुसा उडाला, आतली एक उभी फळी गेली, दोन खण एक झाले. गोल कसला, धड अंडंही नाही, बटाट्यासारखं भोक पडलं. मेव्हण्याला राहवलं नाही. "भाऊजी, जरा डावीकडे वाकडं—"

"मला दिसतंय!" मिलिमीटर म्हणाला. त्याने घासायला पॉलिशपेपर उचलला, एकदा फिरवला, दुसऱ्यांदा फिरवला. तिसऱ्यांदा हात गेला तशी टिल्लू ओरडली, "बाबा!" त्याने पेपर खाली ठेवला. कड पायाला लागू नये म्हणून बायकोने आपल्या पेटीतला कापूस आणि चिकटपट्टी काढून भोकाला सगळीकडून बँडेज केलं. टिल्लू परत आडवी झाली. पाय भोकातून आरपार गेले, गुडघे सरळ झाले आणि पोरीने कितीतरी महिन्यांनी अंग पसरून मोठी जांभई दिली.

दुसऱ्या दिवशी ते निघाले. काहीतरी वाजत होतं, बहुतेक तो कापलेला खण. मिलिमीटरने रेडिओचा आवाज वाढवला. दुपारी डांबर संपलं, ओढा लागला. टिल्लू ताठ बसून खिडकीतून डोकं बाहेर काढून "डावीकडून, बाबा, डावीकडून!" म्हणून रस्ता दाखवत होती आणि गाडी दगडांवरून डुलत पलीकडे गेली.

मुक्काम पाण्याच्या कडेला पडला. सकाळी सगळ्यांत आधी मिलिमीटरला जाग आली. तो छतावरच्या तंबूतून शिडीने उतरला, हात-तोंड धुतलं, आणि चहा ठेवावा म्हणून मागचं दार उघडलं. शेगडी बाहेर ओढायला हात घातला तर डब्यांच्या रांगेत मधोमध दोन पावलं. लांबलचक, एक सरळ, एक कलंडलेलं, घोट्याला आईची चिकटपट्टी लागलेली. पोर गाढ झोपली होती. एवढी मोठी पावलं तिला कधी आली, त्याला ठाऊक नव्हतं. तो बघत उभा राहिला. गार लागत असेल म्हणून त्याने खांद्यावरचा टॉवेल त्या पावलांवर हळूच टाकला.

"अहो," वरून बायकोचा झोपाळलेला आवाज आला, "चहा झाला का?"

"हळू बोल," तो म्हणाला. "आज बिनसाखरेचा पिऊ. साखर तिच्या पायांमागे आहे."