अर्धं राहिलेलं दळण

अपेक्षाला झपाटलेल्या बंगल्यांत राहायची आवड होती. हिंजवडीत नोकरी, मारुंजीत भाड्याची खोली, आणि सलग सुट्टी मिळाली की पाठीला पिशवी लावून ती एखाद्या जुन्या लॉजवर जाऊन धडकायची. मुळशीच्या तलावकाठचा बंगला तिचा नववा. आधीच्या आठही ठिकाणी तिला भुताचं कारण सापडलं होतं. कुठे वटवाघळं, कुठे गंजलेला पाइप, तर एका ठिकाणी झोपेत चालणारा मालक. मैत्रिणी तिला धीट म्हणायच्या. पण खरं सांगायचं तर एकदा तरी कारण सापडू नये, असं तिला मनातून वाटायचं.

हा बंगला ऐंशीएक वर्षांपूर्वी, मुळशी धरण बांधलं तेव्हा कुणा साहेबासाठी बांधलेला. तीन वर्षांपूर्वी, म्हणजे २००४ साली, जनार्दनकाकांनी तो चालवायला घेतला होता. किल्ली देताना त्यांनी काहीच लपवलं नाही.

"तीन नंबरच्या खोलीत पहाटे जातं ऐकू येतं, ताई. उन्हाळा असो, पावसाळा असो. लोक सकाळी चहासुद्धा न घेता जातात."

"तुम्ही शोधलं नाहीत?"

"मी कान झाकून झोपतो," काका म्हणाले.

मे महिना होता. पाणी पार आत सरलं होतं आणि तलावाचा तळ भेगाळून उघडा पडला होता. पहाटे अपेक्षाला जाग आली तेव्हा आवाज चालूच होता. घरघर, घरघर, एका लयीत. त्यावर एका बाईचा कापरा सूर. तिने चपला घातल्या आणि ती तलावाच्या तळाकडे उतरली.

झुंजूमुंजू होत होतं. चिखल वाळून पापुद्र्यासारखा पायाखाली मोडत होता. थोडं पुढे घरांची जोती दिसू लागली. एक उंबरा, एक चूल, गुरांना पाणी पाजायची एक दगडी डोणी. धरणात गेलेलं गावच पाण्याबाहेर आलं होतं. एका जोत्याभोवती मेंढरं बसली होती आणि मधोमध एक म्हातारी जमिनीत पुरलेल्या जात्यावर नाचणी दळत गात होती.

पाण्याखाली माझं घर, मासे फिरती अंगणात
आई दळी, मी ऐकते काठावरच्या रानात.

सापडलं कारण, असं अपेक्षाच्या मनात आलं आणि ती जरा हिरमुसलीच.

"घाबरू नगं, बस समोर," म्हातारी म्हणाली. तिचं नाव तुकाबाई. "कुठली तू?"

"जळगावची. आता मारुंजीला राहते."

"मारुंजीला? आन आमी नेऱ्याला. माज्या नातवाची, धुळाची मेंढरं तुमच्या बिल्डिंगीमागंच बसत्यात की!"

अपेक्षाने विचारलं, "आजी, वरच्या खोलीत ऐकू येतं ते तुमचंच दळण ना?"

"माझं?" तुकाबाईने हात थांबवला. "मी वर्साला येकदा येती. पानी हटलं की गाळ काढायचा, नवा खुंटा ठोकायचा आन मूठभर दळायचं. कालच आली मी."

"पण काका म्हणतात, पावसाळ्यातसुद्धा आवाज येतो."

"पावसाळ्यात हितं पुरुषभर न्हाई, पाच पुरुष पानी असतंय."

"मग कोण दळतं?"

तुकाबाईने जात्यावरून हात फिरवला, लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "पानी चढलं तवा माझी आई हितंच दळत व्हती. मी पोटात व्हते तिच्या. दारात पानी आलं, उठली तशी निघाली. जात्यात दाणं तसंच राह्यलं. मरताना म्हनाली, तुके, माझं दळण अर्धं राह्यलंय गं. म्हनून मी येती. पर मूठभर दळून कुटं पुरं व्हतंय? ती बी दळत आसंल."

तिने हे इतक्या सहज सांगितलं, की अपेक्षाला हसू आलं नाही की भीती वाटली नाही. तिने खुंट्याला हात घातला. दोघी मिळून ओढू लागल्या. दगड जड होता, पण एकदा लय सापडल्यावर तो आपणहून फिरतोय असं वाटायला लागलं. शेवटचा घास टाकून झाला. नाचणी सरली. दोघींनी हात काढले, जातं थांबलं.

घरघर थांबली नाही.

ती समोरून येत होती, पाण्याखालून, जिथे गावाची उरलेली घरं अजून बुडालेली होती. एका जात्याची नव्हे. आधी एक, मग दुसरं, मग घराघरातून, उजाडता उजाडता सगळं गाव दळायला बसावं तशी. मेंढरांनी एकदम माना वळवल्या. पाण्यावर साधा तरंगसुद्धा नव्हता. तुकाबाईने पदर पसरून जात्यावर कपाळ टेकलं. अपेक्षाने हात कधी जोडले, ते तिचं तिलाच कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला काही शोधावंसं वाटलं नाही.

डोंगरावर ऊन आलं तशी घरघर विरत गेली. तुकाबाईने पीठ ओंजळीत घेतलं आणि काठावर जाऊन पाण्यात सोडलं.

अपेक्षाने वर येऊन जनार्दनकाकांना सगळं सांगितलं.  ते पायऱ्यांशी वहाणा काढून अनवाणी खाली गेले आणि उन्हं तापेपर्यंत त्या जोत्यापाशी उभे राहिले.

पुढच्या मे महिन्यात तुकाबाईचे गुडघे धरले होते. अपेक्षा तिला नेऱ्याहून रिक्षाने घेऊन आली. जनार्दनकाकांनी आणि तिने आधार देत म्हातारीला खाली उतरवलं, उंबऱ्यावर बसवलं. तिला काही जात्याशी बसवेना. मग अपेक्षा एका बाजूला बसली आणि काका धोतर सावरत दुसऱ्या बाजूला. पुरुषमाणसाने कधी खुंटा धरलेला नव्हता. दगड अडखळत, कुरकुरत फिरू लागला.

"आरं जोर लाव की, बाप्या," तुकाबाई ओरडली, "आई ऐकतीया!"

आणि तिने गायला सुरुवात केली.