निळ्या ओठांवरचे आकडे

माझ्या आठवणीवर फार भिस्त ठेवू नका. मी रबराचा आहे, कानशिलाजवळ तडकलोय, आणि त्या दिवशी मी नीट ऐकलं की नाही याची मलाच खात्री नाही. मी एका सिनेमातल्या परग्रहवासीयाचा मुखवटा. कपाळ, गाल, कान माझे. ओठ तेवढे माणसाचे, निळे रंगवलेले.

मला रोममध्ये साच्यात ओतलं आणि पो नदीच्या मुखाशी, धुक्यातल्या एका गावात नेलं. आम्ही परग्रहवासी म्हणे माणसांना सत्य शिकवायला उतरलो होतो. पण शूटिंगला संवाद कुणी म्हणतच नसे. सगळे आकडे म्हणत. खरे शब्द मागाहून रोममध्ये भरायचे, तेही दुसऱ्याच्या आवाजात. नायिका डोळ्यांत पाणी आणून ‘सदतीस, अडतीस’ म्हणायची आणि दिग्दर्शक, ज्याला सगळे मास्तर म्हणत, गहिवरायचा. असल्या माणसांना सत्य शिकवायला आकाशातून कोण कशाला उतरेल?

मला घालायचा एर्मेते, त्याच गावातला उंच, हडकुळा कोळी. त्याची बायको नोरिना जन्मापासून बहिरी. ती ओठ वाचायची आणि मोठ्या, ओबडधोबड आवाजात बोलायची. एकदा मक्याच्या लापशीचा डबा घेऊन आली नि म्हणाली, “एर्मेते, पोलेंता गार होतेय.” कॅमेरावाल्यानं तिची नक्कल केली. सगळे हसले. एर्मेतेही हसला, त्याचे गाल माझ्या आत हलले. नोरिनानं ते पाहिलं. त्या दिवसापासून ती बोलायचीच थांबली.

“शेवटच्या प्रसंगात कॅमेरा माझ्या तोंडावर आहे,” एर्मेते मास्तरला म्हणाला. “तिथं तिची माफी मागतो. सगळ्या गावादेखत पडद्यावर वाचेल ती.”

“बाबा रे, तू आकाशातून आलायस, सासुरवाडीहून नाही. आकडे म्हण. वीसपर्यंत येतात ना?”

“येतात.”

प्रसंग झाला. माझ्या कानांत स्पंज कोंबलेला, मला नुसती गुणगुण ऐकू आली. मी ठरवून टाकलं, यानंही आकडेच म्हटले. हाही त्यांतलाच.

सिनेमा गावात लागला तेव्हा मला थिएटरच्या दारात टांगलं होतं. पडद्यावर शेवटी परग्रहवासीयाची नुसती पाठ दिसली. बाहेर पडताना एर्मेते सांगत होता, “अगं, मी म्हणालो होतो.” तिनं मान फिरवली. तिनं मान फिरवली की त्याचं बोलणं संपलंच. खोटारडा, मी मनात म्हटलं, आणि पुढं तीस वर्षं तेच म्हणत राहिलो.

आता मी एका संग्रहालयात काचेआड आहे. समोर त्या प्रसंगाचा कापून टाकलेला तुकडा दाखवतात, आवाजाविना; खाली पाटी, की यातले नट नुसते आकडे मोजायचे. मागच्या वर्षी नोरिना आली, नातीला घेऊन. एर्मेते केव्हाच गेला होता.

नातीनं तिच्यासमोर येऊन विचारलं, “आजी, आजोबा काय मोजतायत?”

नोरिनानं तो तुकडा तीनदा पाहिला. मग त्याच मोठ्या, ओबडधोबड आवाजात बोलली. पहारेकरी वळून पाहू लागला आणि नात दचकली. तिनं तो आवाज कधी ऐकलाच नव्हता.

“मोजत नाहीयेत गं. ते म्हणतायत, नोरिना, मी हसायला नको होतं.”