उतार आला की मला फिरवा

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. हो, तीच, जिला बघितलं की तुम्ही कीव आल्यासारखं तोंड करता. ते तोंड आधी सरळ करा, मग ऐका.

मला नागपुरातल्याच एका कारखान्यात घडवलं. लोखंडी नळ्या वाकवून माझं अंग केलं, वर काळं रेक्झिन ताणलं. मागे दोन मोठी चाकं, पुढे दोन लहान. त्र्याहत्तर साली मी तिथल्याच तांडापेठेत शालिकराम पराते या विणकराच्या घरी आले. त्याची बायको वच्छलाबाई जिन्यावरून पडली होती आणि तिचं कमरेखालचं अंग लुळं झालं होतं. माग होता गल्लीच्या खालच्या टोकाला, मधे चांगलाच उतार. लग्न झाल्यापासून बाई रोज तिथे जायची. नवा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, आला की त्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाशी पीळ देऊन जोडायचा, त्याला सांधणी म्हणतात. तिच्यासारखी सांधणी अख्ख्या गल्लीत कोणाची नव्हती. आता ती खाटेवर आणि माग गप्प.

"मले मागापाशी न्या ना जी," ती म्हणायची. "हात तं धड आहे ना माहे! पडून पडून जीव आंबून गेला."

दवाखान्यातल्या शोभाताईंनी मला देताना बजावलं होतं, "उतारावर खुर्ची फिरवा. तुमची पाठ उताराकडे, बाईंचं तोंड चढाकडे. मागे मागे चालत उतरायचं." शालिकरामने मान डोलावली, पण घरी येताच त्याचं बिनसलं.

"काहून उलटी नेऊ? कोंडवाड्यात गाय ओढून नेल्यावानी? लोकं काय म्हनतीन! माही बायको सरळ जाईन, तोंड वर करून."

शाबास रे पठ्ठ्या! नेलं सरळ. उतार लागताच माझं सगळं वजन पुढे धावलं, त्याच्या हातातून मुठी निसटल्या आणि खालच्या नालीत माझी लहान चाकं खाडकन अडकली. मी थांबले. बाई थांबली नाही. तोंडघशी फरशीवर पडली, हनुवटी फुटली. मला माझाच संताप आला, पण ब्रेक लावायला मला हात कुठे आहेत?

त्यानंतर वच्छलाबाईने माझं नाव टाकलं. मी कोपऱ्यात पडले आणि माझ्यावर ओलं सूत वाळू लागलं. शालिकराम स्वतःच सांधणीला बसे, धागे तुटत, तो चिडे. शेवटी एक दिवस म्हणाला, "हा एवढा ताना होऊ दे, मग मागच इकून टाकतो." बाई भिंतीकडे तोंड करून रडली.

तो शेवटचा ताणा गल्लीत ताणायचा होता. बाईची खाट दाराशी आणली होती. शालिकराम सुताचं टोक हातात धरून मागे मागे चालत निघाला. नजर धाग्यांवर आणि पाय आपले आपण वाट शोधताहेत. कुठे ठेच नाही, अडखळणं नाही. बाई बघत राहिली आणि एकदम ओरडली,

"अवो, थांबा! उलटं चालाची लाज वाटते म्हन्ता, अन् आता हे काय करून राहिले?"

शालिकराम जागच्या जागी उभा. मग स्वतःशीच हसायला लागला. "जनमभर हेच करत आलो वं! माह्या ध्यानातच नाही आलं!"

त्याने ताणा खुंटाला बांधला आणि मला बाहेर काढलं. बाईला बसवलं, कमरेला लुगड्याची पट्टी बांधली, तिचे पाय माझ्या खालच्या पाटीवर नीट ठेवले. उताराशी येताच मला फिरवलं. एकेक पाऊल मागे, माझा सगळा भार त्याच्या अंगावर.

"भेव वाटते का?" त्याने विचारलं.

"मांगं तुमी आहा ना. मंग कायचं भेव!"

नाली आली. आधी मोठी चाकं सावकाश पलीकडे गेली. मग त्याने पायाने माझी मागची दांडी दाबून मला जरासं आपल्याकडे झुकवलं. लहान चाकं उचलली गेली आणि नाली पार झाली.

त्या दिवशी ताणा मागावर आणला आणि वच्छलाबाई संध्याकाळपर्यंत सांधत बसली. एक धागा तुटला नाही. माग विकायची गोष्ट पुन्हा त्या घरात निघाली नाही. उरलेलं सूत तिने माझ्या मुठींना गुंडाळलं, नवऱ्याचे हात निसटू नयेत म्हणून.

आता ती दोघं नाहीत. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात असते. परवा एका गड्याने मला पायरीवर चढवायला माझा हात, म्हणजे बसणाऱ्याने कोपर टेकायचा दांडा, धरून उचललं, तर तो हातच निघून आला! बाबांनो, ते हात निघण्यासाठीच केलेत, माणसाला बाजूने खाटेवर सरकता यावं म्हणून. उचलायचं तर माझा सांगाडा धरा. थांबलात की ब्रेक लावा. मुठींना जड पिशव्या अडकवू नका, चढावर मी मागे उलटते.

मुठींवरचं सूत काळं पडलंय, पण आहे अजून. उतार आला की ते घट्ट धरा, मला फिरवा आणि मागे मागे चला. पण त्याआधी बसलेल्या माणसाला विचारा, भीती वाटते का म्हणून. उत्तर आल्याशिवाय पाऊल उचलू नका. थांबते मी तेवढं.