महिला गट रद्द

गौरवीचं गळ्याखालचं हाड मोडलं तेव्हा मैदानात आधी टाळ्याच वाजल्या. पकडच तशी देखणी झाली होती. गौरवी मधल्या रेषेकडे झेपावत असताना वास्कोच्या संघातल्या कोमलने तिला कमरेत धरलं, अलगद उचललं आणि मॅटवर टाकलं. पंचांनी शिट्टी वाजवून गुण वास्कोला दिला. नियमाबाहेरचं त्यात काहीच नव्हतं. गौरवी उठेना, तेव्हा कुठे टाळ्या थांबल्या.

पेडणे तालुक्यात कबड्डी बघणाऱ्या माणसाला हळर्णची गौरवी कोण हे सांगावं लागत नसे. बापूस गुरुदास खाणीवर टिपर चालवायचा आणि खाण बंद असली की शेती करायचा. भाऊ सर्वेश चांगला खेळाडू. गावात खेळायला पुरेशा मुली नव्हत्या, म्हणून गौरवी लहानपणापासून सर्वेश आणि त्याच्या मित्रांबरोबर मळ्यात खेळत मोठी झाली. मुलग्यांच्या हातात सापडलं की अंग कसं सुटता सुटत नाही, पाय जमिनीवरून कसे उठतात, हे तिच्या अंगाला पाठ होतं. बायकांच्या सामन्यात मात्र तिला आजवर कुणी तसं उचललं नव्हतं.

म्हापशाच्या इस्पितळात आई सत्यवती तिच्या उशाशी बसली होती. "खेळात लागताच गो," ती म्हणाली. "रडा नको."

"आवय, मी रडणंय नाय. माका राग येता."

राग यायला कारण होतं. राज्याच्या संघाची निवड त्याच स्पर्धेतून व्हायची होती आणि गौरवीचं नाव पक्कं मानलं जात होतं. आता हात गळ्यात बांधून ती घरी बसणार. आणि कोमल कोण हे सगळ्यांना माहीत होतं. काही वर्षांपूर्वी ती वास्कोतच मुलग्यांच्या संघातून खेळत होती, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं. मग तिने उपचार घेतले, कागदपत्रं बदलली आणि महिला गटात आली. राज्याच्या कबड्डी संघटनेने तिला ये म्हटलं नव्हतं आणि येऊ नको असंही म्हटलं नव्हतं. नियम विचारला की सगळे एकमेकांकडे बघत.

गावच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष दत्तारामबाब तिसऱ्याच दिवशी घरी आले. बरोबर कॅमेरा घेऊन एक माणूस होता. दत्तारामबाबांना येत्या पंचायत निवडणुकीत उभं राहायचं होतं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. एरवी मुलींनी सरावाला मंडळाचं मैदान मागितलं की ते म्हणायचे, "पोरगे खेळून झाले की बघूया." त्या दिवशी मात्र त्यांनी गौरवीच्या डोक्यावर हात ठेवला.

"आमच्या लेकीवर अन्याय झाला," ते कॅमेऱ्याला म्हणाले. "बोल गो बाय, तू बोल."

गौरवी बोलली. मनात होतं ते सगळं बोलली. "कोमलने फसवला असा मी म्हणणंय नाय. ती उघड उघड येऊन खेळली. संघटनेन आमका फसवला. बायकांचो खेळ म्हणजे तेंका कायच नाय. कोण खेळता, कोणाची हाडां मोडतत, बघूकच नको तेंका."

संध्याकाळी मोबाइलवर जे फिरलं त्यात यातलं फक्त "आमका फसवला" एवढंच होतं. आणि मागे कोमलचा फोटो, जुना, मिशी असलेला. गौरवीने तो बघितला आणि मोबाइल उलटा करून ठेवला. दत्तारामबाबांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही.

दहा-बारा दिवसांनी संघटनेने पणजीला बैठक बोलावली. लांबलचक मेजाच्या पलीकडे पाच जण बसले होते, पाचही पुरुष. अलीकडे गौरवी आणि दत्तारामबाब. संघटनेचे सचिव जयराम यांनी घसा खाकरला.

"तुमच्या तक्रारीची आम्ही गंभीर दखल घेतली आहे. यापुढे महिला गटात खेळणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी होईल."

"सगळ्यांची?" गौरवीने विचारलं.

"म्हणजे, ज्यांच्याबद्दल शंका आहे त्यांची."

"शंका कोणाक?"

जयराम यांनी शेजारच्याकडे बघितलं. शेजारचा म्हणाला, "हे बघा, तुमच्या तक्रारीनंतर इतरही तक्रारी आल्या. तुमच्याच संघातली ती उंच मुलगी, अंकिता. आवाज भरडा आहे, ओठावर लव आहे. समोरचे क्लब म्हणतात, तिचीही खात्री करा."

गौरवीला आधी कळेचना. अंकिता तिच्या घराच्या मागच्या वाड्यावर राहत होती. दोघी एकाच दिवशी शाळेत गेल्या होत्या, एकाच न्हाणीत न्हाल्या होत्या.

"अंकिता बायलमाणूस आसा," ती म्हणाली. "लहानपणापासून बायल आसा. तिची कसली खात्री?"

"मग तपासणीला भिण्याचं कारण काय?" जयराम म्हणाले. "बघितल्यावर आम्हालाही थोडंफार कळतं."

"कसा कळता?" गौरवी उभी राहिली. "माका सांगा. माझे दंड बघा, अंकितापेक्षा जाड आसत. मी बायल की नाय? बघून सांगा ना!"

दत्तारामबाब वरच्या पंख्याकडे बघत म्हणाले, "होऊन जाऊ दे गो तपासणी. आपल्याक काय लपवूचा आसा?"

"तुमची करूया आधी," गौरवी म्हणाली आणि बाहेर पडली.

तिने मागितला होता नियम. तिला हवं होतं की कुणीतरी जाणत्या माणसाने बसून ठरवावं, कोण कुणाबरोबर खेळलं तर न्याय होईल. आणि या पाच जणांनी तिच्या मोडक्या हाडाची काठी करून ती अंकिताच्या पाठीत घातली होती.

ती गावी पोचेपर्यंत बातमी तिच्या आधी पोचली होती. अंकिता मळ्यात अळसांद्याच्या शेंगा तोडत होती. गौरवीला बघूनही तिचे हात थांबले नाहीत.

"पाच दादल्यांनी बसून ठरवला, अंकिताक तपासूया," ती म्हणाली. "बरा केल्यांनी."

"मी तुझा नाव घेऊक नाय गो."

"तू वाट उघडलंस, त्याच वाटेन ते इले." अंकिताने शेंगा टोपलीत टाकल्या. "दुपारी दोडामार्गच्या पावण्यांचो फोन इलो. आवशीक म्हणाले, आमका दुसरा स्थळ मिळाला. आवशीन तेव्हापासून तोंडात घास घेऊक नाय. तू घरा जा, गौरवी. माका आता तुझ्याशी बोलूचा नाय. उद्या बोलतलंय, आज नाय."

पण दुसऱ्या दिवशीही ती बोलली नाही, आणि सरावालाही आली नाही. गाडीवर उंडे-पाव विकायला येणारा पोदेरसुद्धा अंकिताच्या दारात पूर्वीपेक्षा जास्त वेळ रेंगाळू लागला, असं गौरवीला वाटे आणि तिच्या अंगाचा तिळपापड होई.

एका रविवारी ती घरात न सांगता वास्कोला गेली. हात अजून गळ्यात होता. कोमल बंदराजवळच्या एका गोदामात कामाला होती. आईवडील मूळचे सिंधुदुर्गातले, त्यामुळे बोली तीच. गौरवीला दारात बघून ती बाहेर आली.

"हाड जुळला?"

"जुळता. मी भांडूक इलंय."

"भांड," कोमल म्हणाली. "मी इस्पितळात येऊन गेलंय. खाली तुमच्या गावचे पोरगे उभे होते, म्हणून परत फिरलंय."

"तू माका उचललंस ना, तेव्हाच माका कळला. मी भावाबरोबर खेळान मोठी झालंय. तसो जोर बायलमाणसाक येवचो नाय."

कोमलचा चेहरा उतरला, पण तिने नजर खाली घेतली नाही. "तीन वर्षां औषधां घेतंय. पयल्यासारखी ताकद रवूक नाय."

"कमी झाली असतली. माझ्याएवढी झाली नाय."

"मग माका सांग, मी खय खेळू? पुरुषांच्या संघात कपडे बदलूच्या खोलीत माका काय केल्यांनी, ता सांगू तुका?"

गोदामात एक ट्रक मागे मागे येत होता, त्याची घंटी वाजत राहिली. ती थांबल्यावर गौरवी म्हणाली, "तुझ्यार जा झाला ता वायटच. पण त्याची भरपाई माझ्या हाडान कित्या करूची?"

"करूची नाय." कोमलचाही आवाज चढला. "मी संघटनेक स्वतः जाऊन सांगलंय. डॉक्टर बसवा, काय मोजूचा ता मोजा, नाय म्हणूचा तर तोंडार नाय म्हणा. ते म्हणाले, बघूया. माझ्या जोरार वास्कोचो संघ जिंकता तोपर्यंत माका खेळवतत. तुझा हाड मोडल्यार माझो मिशयेचो फोटो लावतत. माका ते दोन्हीकडे वापरतत, आणि तू माझ्याशी भांडूक येतंस!"

"तेंच्याशीही भांडतलंय," गौरवी म्हणाली. "पण तुझ्याशीही."

दोघींची काही मैत्री झाली नाही. पण परतीच्या बसमध्ये गौरवीला पहिल्यांदा वाटलं की आपल्याशी कुणीतरी खरं बोललं.

त्याच आठवड्यात पेडण्याच्या बाजारात मोठा फलक लागला. जिल्ह्याची कबड्डी स्पर्धा, प्रकाशझोतातले सामने, प्रमुख पाहुणे. महिला गटाच्या जागी कागदाची पट्टी चिकटवली होती: 'महिला गट रद्द'. खाली बारीक अक्षरात, निर्णय होईपर्यंत.

गौरवी फलकासमोर उभी राहिली. निर्णय कोण घेणार होतं? ज्यांनी नियम केला नाही त्यांनीच आता खेळ बंद केला होता. कोमलही घरी, अंकिताही घरी, गौरवीही घरी. सगळ्यांना सारखा न्याय. बाजूला दुकानात दत्तारामबाब उभे होते. ते म्हणाले, "फुडल्या वर्षी बघूया गो. उगीच वाद नको."

"वाद कोणी वाढवलो, दत्तारामबाब?"

"तू लहान आसस. तुका कळूचा नाय."

त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने डिचोलीच्या संघाची कर्णधार शीतल हिला फोन केला. शीतल प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि कमी बोलायची. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, "कितीजणी होयात?"

अंतिम सामन्याच्या संध्याकाळी, दिवे लागायच्या आधीच, तीन-चार गावांच्या मुली खेळाच्या कपड्यांत मैदानात आल्या आणि सरळ मॅटच्या मधोमध बसल्या. लोकांना आधी वाटलं, काहीतरी नाच वगैरे आहे. मग दत्तारामबाबांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. "आमच्या भगिनींना विनंती आहे, मैदान मोकळं करावं. पाहुणे वाटेवर आहेत."

कुणी हललं नाही. कडेला पुरुषांचे दोन्ही संघ उभे होते. त्यातल्या एकात सर्वेश होता. तो तरातरा बहिणीकडे आला.

"गौरवी, ऊठ! माझी फायनल आसा गो!"

"माझी खय आसा?"

सर्वेशने हातातला टॉवेल जमिनीवर आपटला आणि निघून गेला. त्या रागात तो पुढे महिनाभर तिच्याशी बोलला नाही.

तेवढ्यात फाटकातून वास्कोच्या मुली आल्या. त्यांच्या मागे कोमल होती. तिला बघून गर्दीतून शिट्ट्या आल्या, एक जण घाणेरडं काहीतरी ओरडला. ती मॅटच्या कडेला येऊन थांबली.

"बसू?" तिने गौरवीला विचारलं.

"बस. पण माझा म्हणणा बदलूक नाय."

"म्हायत आसा."

ती बसली. गौरवी उठली, दत्तारामबाबांच्या हातातला ध्वनिक्षेपक तिने बऱ्या हाताने काढून घेतला.

"आमका नियम होयो होतो. तुमी आमकाच काढून टाकल्यात. कोमलन खेळूचा की नाय ता शिकलेल्या डॉक्टरांनी ठरवूचा, आणि ठरतला ता तिका तोंडार सांगा. अंकिताच्या अंगाक मात्र कोणी हात लावूचो नाय. कोणाची उंची बघून, कोणाचो आवाज ऐकून बायल ठरवूचो धंदो बंद करा. आणि आमचो गट परत देवा. तोपर्यंत हयसून कोण उठूचा नाय."

प्रमुख पाहुण्यांची गाडी फाटकापर्यंत आली आणि तिथूनच मागे वळली. पोलीस आले, बायका पोलीसही आल्या, बराच वेळ समजूत घालत राहिल्या. शेवटी जयराम यांनी सर्वांसमोर महिला गट घेण्याचं कबूल केलं, तेव्हा मुली उठल्या. पुरुषांचा सामना त्या दिवशी झालाच नाही.

पुढे महिला गट झाला. संशयावरून तपासणी होणार नाही, असं संघटनेला जाहीर करावं लागलं. कोमलच्या बाबतीत डॉक्टरांची समिती नेमली. समिती अजून बसलेली नाही, आणि तोपर्यंत कोमल खेळत नाही. गौरवीला शिस्तभंगाच्या नावाखाली राज्याच्या शिबिरातून वगळलं. मंडळाचं मैदान हळर्णच्या मुलींना कायमचं बंद झालं.

महिला गटाच्या पहिल्या सामन्याच्या सकाळी गौरवी अंकिताकडे गेली. अंकिता आता बोलत होती, पण खेळायचं नाव काढलं की तिचं तोंड मिटायचं.

"चल गो. आता कोण काय करूचा नाय."

"करूचे नाय. पण बघतले. तू जा."

गौरवी एकटीच गेली. खांदा अजून पूर्ण मोकळा झाला नव्हता. दुसऱ्या चढाईला ती समोरच्या अंगणात शिरली, दम घुमवत कोपऱ्याकडे सरकली, आणि दोरीपलीकडून एका माणसाचा आवाज आला, "ही तरी बायल ना? नीट बघा रे!" आजूबाजूचे हसले.

गौरवीचा दम तुटला. ती वळली, कडेची रेषा ओलांडून सरळ दोरीपाशी गेली. "कोण बोललो?" तिने विचारलं. "फुडे ये. सगळ्यांसमोर परत बोल." हसणारे एकेक करून मागे सरले. बोलणारा तर कुठे लपला कळलंच नाही. मागे पंचांची शिट्टी वाजत होती. गुण समोरच्या संघाला गेला होता. गौरवी तरीही उभीच राहिली, समोरची जागा पूर्ण रिकामी होईपर्यंत. मग ती आपल्या अंगणात परत गेली.