दुसरा नंबर तुझाच

मतमोजणीच्या हॉलमध्ये खुर्च्यांची काही ददात नव्हती, पण सकाळपासून मी एकीवरही टेकले नव्हते. भाऊ उभा राहिलाय आणि बहीण बसून आहे, हे मला जमत नाही.

तसा इनिस स्वतः मात्र आरामात बसलेला होता. लग्नाला आणि मयताला घालायचा एकुलता एक कोट अंगात, हातात चहाचा कागदी पेला, आणि येईल त्याच्याशी तुंबलेल्या मोरीच्या गप्पा. आमच्या पोर्टकेल्डी गावात माझ्या भावाने हात घातला नाही असा नळ नाही. तेवढ्या भांडवलावर हा कुठल्याही पक्षाशिवाय कौन्सिलच्या निवडणुकीत उतरला होता, आणि तोही एकाच कारणासाठी. बंदरावरचा वृद्धाश्रम कौन्सिलला बंद करायचा होता आणि आमची आई तिथे राहत होती. तिच्या खोलीतून होड्या येता-जाता दिसतात. बंद झाला असता तर तिला चाळीस मैल आत, समुद्राचा वाससुद्धा येत नाही अशा गावी नेऊन ठेवणार होते. मागच्या कौन्सिलात यावर दोन्ही बाजूंना सारखीच मतं पडली आणि निर्णय निवडणुकीपर्यंत पुढे ढकलला गेला. आपला एक माणूस आत गेला की काम झालं असतं. इनिस उभा आहे हे आईला माहीत होतं, पण आश्रम बंद करायचं घाटतंय हे ठाऊक नव्हतं. इनिस म्हणाला होता, उगाच तिच्या जिवाला घोर कशाला?

आमच्या वॉर्डातून तिघं निवडून जातात. कागदावर आकडे घालायचे असतात: सगळ्यात आवडत्याच्या नावापुढे एक, त्याच्या खालोखाल दोन, मग तीन. यंदा उमेदवार सहा होते. महिनाभर मी इनिसबरोबर दारोदार हिंडले. लोकांनी कधी तोंडावर दार लावलं नाही, उलट आत बोलावून चहा पाजला. आणि निघताना पाठीवर थाप मारून प्रत्येकाचं तेच.

"तुझं काय बाबा, तू तर घरचा! दुसरा नंबर तुझाच."

आणि आमचं ध्यान खूश होऊन आभार मानायचं. फाटकाबाहेर आलो की मी त्याला चिमटा काढायची. "अरे गाढवा, दोन काय घेऊन बसलास? एक माग, एक!"

"असं कसं मागू, बेथी? बरं दिसतं का ते?"

बरं दिसतं का! हे आईचं वळण. लहानपणी जेवणाच्या वेळी पाहुणे टपकले आणि हॅडक माशाचं सूप पुरेसं नसलं, की आई टेबलाखालून आमचा पाय दाबायची. म्हणजे घरच्यांनी हात आखडायचा. आधी पाहुणे, उरलं तर आपण. आमच्याच घरात नाही, गावातल्या घराघरांत हीच रीत. पण निवडणूक म्हणजे सूप नव्हे, हे मी कोणाकोणाला सांगत फिरणार?

यंदाची पाहुणी होती रोवीना हार्टनेल. दक्षिणेकडून येऊन जेमतेम दीड वर्ष झालेली, बोलायला गोड, छत्री कायम विसरणारी. तिचा पक्ष वृद्धाश्रम बंद करायच्या बाजूचा. पण दारात भिजत उभ्या असलेल्या पोरीला पक्ष कोण विचारतो? खुद्द इनिसच लोकांना सांगायचा, "माझ्यानंतर तिला द्या हो, एकटीच फिरतेय बिचारी."

दुपारी अधिकारी माइकपाशी आले तेव्हा मी माझ्या कोटाचं एक बटण पिळून पिळून तोडलं होतं. पहिल्या फेरीत निवडून येण्याइतकी मतं कोणालाच मिळाली नव्हती. अशा वेळी सगळ्यात तळाचा उमेदवार बाद होतो. तळाला होता इनिस वॉट. त्याच्या वर रोवीना, फक्त चार मतांनी.

मग लोक धीर द्यायला आले. बेकरीवाला डॉड डोळे पुसत म्हणाला, "इनिस, मी तुला दोन दिला होता रे!" बंदरावरच्या वजनकाट्यावाल्यानेही दोनच दिला होता. जीन मावशी तर मला मिठी मारून म्हणाली, "मी त्या पोरीला एक दिला आणि लगेच खाली आपल्या इनिसला दोन. विसरले नाही हो!"

"मावशी, तुमचे ते दोन कोणी उघडून बघितलेच नाहीत!" मी एवढ्या जोरात ओरडले की मोजणीच्या यंत्रांजवळची माणसं वळून बघायला लागली. "पहिला बाद झाला तर किंवा त्याला उतू जाईल इतकं मिळालं तर दुसरा बघतात. तोवर आपला माणूस राहायला तर हवा!"

मावशीचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण राग जास्त होता. पुढच्या फेरीत इनिसच्या कागदांवरचे दोन मोजले आणि त्यातले बहुतेक रोवीनाला गेले. त्याने सांगितलं होतं ना तसं. संध्याकाळ व्हायच्या आत तिसरी जागा तिची झाली.

गाडीत मी सारखी काच खालीवर करत होते. बाहेर समुद्रावरून धुकं चढत होतं. तीन माणसांनी तिच्याऐवजी याला एक दिला असता तरी भागलं असतं, हे गणित डोक्यातून जाईना.

"तू कोणाला एक दिलास?" मी मध्येच विचारलं.

इनिसने गिअर बदलला.

"स्वतःचं नाव स्वतःच आधी लिहायचं म्हणजे..."

"कोणाला दिलास?"

"तिला."

मावशी एक, हा दुसरा. मी गाडीतून उतरून चालत जाणार होते, पण आई वाट बघत होती.

ती खिडकीपाशी टेबलावर चहा मांडून बसली होती. "आलास का रे निवडून?"

"नाही, आई."

"आणि ती पोरगी?"

"ती आली."

"बाई, बरं झालं!" आईचा चेहरा इतका उजळला की मला बघवेना. "मला धाकधूक होती. इथे भेटायला आली तेव्हा चिंब भिजलेली, ओळखीचं कोणी नाही. म्हटलं, हिला कोण देणार? मी तिलाच एक दिला. इनिसला दोन. तो काय, घरचाच."

तिने बिस्किटांची बशी आमच्याकडे सरकवली.

"बेथी, तिला एकदा चहाला घेऊन ये. इथून होड्या किती छान दिसतात, बघू दे तिलाही."

मी तोंड उघडलं. टेबलाखालून इनिसने माझा पाय दाबला.