वीरभद्रप्पाची लो प्रायॉरिटी

वीरभद्रप्पाला आपण म्हातारे झालो हे चन्नप्पानं सांगितलं. तेही मायेनं, खांद्यावर हात ठेवून.

सोलापुरातल्या त्या चादरींच्या कारखान्यात दोघं तीस वर्षं एका खोलीत होते, आणि अलीकडची काही वर्षं एकाच कॉम्प्युटरवर. वीरभद्रप्पा समोर बसून नक्षी काढायचा. चन्नप्पा तयार नक्षी मागाला कळेल अशा फाइलीत बदलायचा. तो प्रोग्राम त्याच मशीनवर मागच्या बाजूला चालू असायचा. गेले सहा महिने सकाळभर वीरभद्रप्पानं पाकळी ओढली की ती तंबाखू मळून होईपर्यंत पडद्यावर उमटत नसे.

"तुझा हात मंदावलाय बे," चन्नप्पा म्हणाला. "वय हाय. नातवंडं खेळव की आता."

वीरभद्रप्पाला पटलं. डोळे तपासून झाले, मानेला पट्टा लावून झाला, शेवटी मालकाकडं राजीनामा दिला. मागून येणाऱ्याला त्रास नको, म्हणून जायच्या आधी त्यानं मशीन बघायला कॉम्प्युटरच्या दुकानातल्या प्रियदर्शनीला बोलावलं.

तिनं टास्क मॅनेजर उघडला.

"काका, तुमच्या नक्षीच्या प्रोग्रामची प्रायॉरिटी 'लो' केलीय. त्या फाइलीवाल्याची 'हाय'."

"म्हंजे?"

"पंगतीत त्याला आधी वाढायचं. त्याचं पोट भरून उरलं, तर तुम्हाला. आणि ह्याचं पोट दुपारपर्यंत भरतच नाही."

"चुकून दाबलं गेलं असंल कुणाकडून."

"चुकून एकदा होईल. प्रोग्राम बंद करून परत उघडला की हे आपोआप 'नॉर्मल'वर येतं. आपोआप बदलेल असं कुणी काही लावलेलंही नाही, बघितलं मी. हे रोज नव्यानं करावं लागतं."

रोज सकाळी आठला येऊन मशीन चालू करायचा तो चन्नप्पाच. 'तुला आल्या आल्या बसता यावं' म्हणून. एकदा अंगात ताप घेऊन आला होता. वीरभद्रप्पानं ते घरी बायकोला कौतुकानं सांगितलं होतं.

चन्नप्पा चहाचे ग्लास घेऊन आत आला.

"का बे, झालं दुरुस्त?"

"माझं लो तू करत होतास?"

चन्नप्पानं ग्लास खाली ठेवले. एकही थेंब सांडला नाही.

"बंद तर नाय केलं की. उरलेला वेळ सगळा तुझाच होता."

"पण कशापायी?"

"दीडपर्यंत फाइली संपल्या की घरी जेवून तासभर पडता येतं."

वीरभद्रप्पा पुढचं कारण ऐकायला थांबला. जळफळाट, जुनं वैर, गेलाबाजार जावयाला ह्या जागेवर लावायचं, काहीही चाललं असतं. पुढं कारण नव्हतंच.

"आन् माझं वय?"

"ते तर झालंच हाय की," चन्नप्पा प्रामाणिकपणे म्हणाला.

वीरभद्रप्पा उठला आणि मालकाकडून राजीनामा परत घेऊन आला.

"काका, आता ह्यांचं लो करू?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"नको. दोन्ही नॉर्मल ठेव. रोज सकाळी आठला येऊन एखाद्याचं वाईट करायचं, एवढी चिकाटी माझ्यात नाय."

तो खुर्चीत बसला, पाकळी ओढली. हात उचलायच्या आत ती पडद्यावर उमटली. वाकडी होती. मशीनचा दोष नव्हता. त्यानं ती पुसली आणि शेजारच्या खुर्चीकडं न बघता दुसरी काढायला घेतली.